गाडी ‘लो’ करून दिली म्हणाले, फिरवला फक्त प्रीलोडचा नॉब

उंची कमी असलेला चालक लांबच्या प्रवासाची टूरिंग मोटरसायकल ‘लो’ म्हणजे ठेंगणी करायला गॅरेजात देतो. मागणी एकच, थांबल्यावर दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत. परत घेताना तो बसून बघतो. टाचा टेकतात, म्हणून तो लोअरिंग लिंक (मागचं चाक आणि शॉक यांच्या जोडणीतली, गाडी खाली आणणारी पट्टी), फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) आणि सीट अशा तिन्ही कामांचे पैसे देऊन निघतो. नंतर मागच्या सीटवर माणूस आणि दोन्ही बाजूंना पेट्या लागल्या की खड्ड्याखड्ड्यात शॉक तळाला आपटू लागतो. चौकशी केली तर उत्तर ठरलेलं असतं: ‘लो गाडी अशीच चालते.’

नाही, अशी चालत नाही. गाडी लो झालेलीच नसते. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, पार ढिला केलेला असतो आणि सीटचा फोम तासलेला असतो. प्रीलोड कमी केला की स्प्रिंग बदलत नाही, फक्त वजनाखाली गाडी जास्त बसते. म्हणजे खड्ड्यासाठी राखलेली चाल, चाकाला वरखाली व्हायची जागा, उभ्या उभ्याच खर्च होते. सामान लादून प्रीलोड पुन्हा वाढवला की उंचीही परत येते. बऱ्याच टूरिंग गाड्यांना यासाठी बाहेरून फिरवायचा नॉब असतो. मालकाने स्वतः दोन मिनिटांत फुकट केलं असतं असं हे काम.

याहून वाईट म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचे एकदोन वेढे उडवणं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आखूडही होते, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. मागचं चाक हवेत उचललं की अशी स्प्रिंग कधी कधी हाताने हलते.

हे पकडायला टेप पुरते. गाडी देण्यापूर्वी मागचं चाक जमिनीवरून पूर्ण सुटेल असं उचला. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, शेपटीवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंत अंतर मोजा आणि फोटो काढा. परत घेताना तेच माप पुन्हा घ्या. खरोखर लिंक बदलली असेल तर लटकत्या चाकाचं हे अंतर कमी झालेलं दिसेल. प्रीलोड ढिला केला किंवा स्प्रिंग कापली तर ते जवळपास तेवढंच राहतं, कारण शॉकची पूर्ण ताणलेली लांबी बदललेली नसते. मग चाक जमिनीवर टेकवून, चालक बसवून तिसरं माप घ्या. लटकतं माप वजा बसलेलं माप, हा सॅग. तो एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. निम्मी चाल बसल्या बसल्याच गेली असेल तर काम नॉबने किंवा स्प्रिंग कापूनच झालंय.

लिंक खरीच बदलली असली तरी ती उलटसुलट करून बघा. पट्टी कापून हाताच्या ड्रिलने भोकं पाडलेल्या जोड्या सर्रास बसवल्या जातात. दोन पट्ट्यांच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. फरक असेल तर भार वाकडा येतो आणि लिंकच्या जोडणीचे बेअरिंग झिजतात. लिंकमधला काही मिलिमीटरचा फरक चाकाशी कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून ‘अंदाजे बनवलीय’ हे ऐकून घेऊ नका. मूळ लिंकची जोडी हातात मागा. ती मिळत नसेल तर बदलली होती का, हाच प्रश्न.

फक्त मागून लो केलेली गाडी वळायला जड होते आणि तिचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून मागे तीस मिलिमीटर उतरवलं तर पुढे फोर्कच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून पंधरा ते पंचवीस मिलिमीटर वर सरकवतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, म्हणजे दिलेल्या मापानेच, आवळायचे. मात्र फोर्क पूर्ण दबला तरी पुढचं मडगार्ड रेडिएटरला लागता कामा नये. मागेही पूर्ण दबावात टायर आतल्या प्लास्टिकला घासत नाही ना, हे पाहायचं. चेनची ढील नव्याने लावायची.

साइड स्टँड विसरणारे तर खूप. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला की ती जवळपास सरळ उभी राहते आणि नुसत्या धक्क्याने पलीकडे पडते. स्टँड कापून वेल्ड करायचा तर टोकाच्या पत्र्याचा कोनही जुळवावा लागतो, आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी लागते. सेंटर स्टँडवर गाडी चढवायला मात्र आता जास्त जोर लागणारच. तो दोष नव्हे.

सीटच्या कामात फोमची उंची तासण्यापेक्षा पुढच्या कडा अरुंद करणं जास्त उपयोगी, कारण पाय बाहेर फाकण्याऐवजी सरळ खाली जातात. मधोमध तासलेल्या सीटवर तासाभरात खालचा पत्रा किंवा प्लास्टिक टोचायला लागतं. तसं पाहिलं तर दोन्ही चवडे नीट टेकत असतील तर पुष्कळांना लो करण्याची गरजही नसते, पण हे गॅरेज सांगणार नाही.

फसवणूक झालीच असेल तर प्रीलोड मॅन्युअलमधल्या मूळ खुणेवर परत न्या. दोन्ही मापांचे फोटो आणि बिल समोर ठेवून लिंक व फोर्कचे पैसे मागा. बिलावर नुसतं ‘सस्पेन्शन काम’ लिहिलं असेल तर पार्टची नावं लिहून मागा. कापलेली स्प्रिंग मात्र कोणत्याही सेटिंगने पूर्ववत होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते.