घरी छापून कापलेली स्टेन्सिल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कार्डशीट, लॅमिनेट केलेला कागद आणि १०० मायक्रॉनची ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) या तिन्हींवर एकच नक्षी कापून वापरली. कार्डशीट पाच-सहा छापांत कडेने फुगते. लॅमिनेटचं दुखणं वेगळं: कापलेल्या कडेतून पाणी आतल्या कागदात शिरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात थर सुटतात. टिकली ती ओएचपी.

पण साधी ओएचपी शीट लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, उष्णतेने वितळून ती रोलरला चिकटते. इंकजेटची शाई तिच्यावर वाळत नाही. नक्षी साध्या कागदावर छापावी, शीटखाली चिकटपट्टीने बसवावी आणि वरून कापावी. छापताना ‘फिट टू पेज’ बंद, माप १०० टक्के. कोपऱ्यात १० सेंटिमीटरची रेघ ठेवून पट्टीने मोजली की फसगत होत नाही.

खरी कसोटी मराठी अक्षरांची. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा कापताच गळून पडतो, म्हणून त्याला बाहेरच्या भागाशी जोडणारे निदान २ मिलिमीटरचे दोन पूल हवेत. एकच पूल ठेवला तर स्पंजच्या दाबाने तो तुकडा फिरतो. शिरोरेषेकडे तर बहुतेकांचं लक्षच जात नाही. सलग कापली की लांब फट तयार होते, शीट तिथे लचकते आणि रंग खाली पाझरतो. दर अक्षरानंतर ३ मिलिमीटर जागा न कापता सोडावी. ती छापानंतर बारीक ब्रशने भरता येते. ‘शुभ लाभ’सारखं छोटं लेखनही याशिवाय नीट उमटत नाही. अक्षर ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर हाताने कापायच्या फंदात पडू नये.

कापताना आधी बारीक भाग, मग मोठे. वळणावर पात्याऐवजी शीट फिरवावी. पातं बोथट झालं की कडेला केस उठतात आणि छाप दातेरी येतो. तुटलेला पूल दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून जुळतो.

रंग ॲक्रिलिक, स्पंज जवळजवळ कोरडा. आधी रद्दी कागदावर तीन-चार वेळा टिपावा, मग उभा टेकवावा. घासला की रंग कडेखाली गेलाच. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्पंजवरच रंग आळतो, त्यामुळे थोडा थोडाच काढावा आणि काम सकाळी उरकावं.

सोलापुरात घरोघरी टॉवेल असतात, आणि पहिला प्रयोग त्यांच्यावरच करावासा वाटतो. तो टाळा. टॉवेलचे फासे शीटला टेकू देत नाहीत, कड धूसर येते. साध्या विणीच्या सुती कापडावर, खाली पुठ्ठा ठेवून, छाप स्वच्छ येतो. कापडी रंग २४ तास वाळवून उलट्या बाजूने इस्त्री करावी.

स्टेन्सिल धुताना नळाखाली चोळण्यापेक्षा ओल्या फडक्याने लगेच पुसलेलं बरं, पाणीही वाचतं. वाळलेला रंग साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून सोलावा. गुंडाळी करून ठेवलेली शीट पुन्हा सपाट होत नाही, म्हणून वहीत दाबून ठेवावी.