जुन्या एस्टीमचे तापमान सेन्सर: उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मारुती एस्टीमची १२९८ सीसीची, ८५ अश्वशक्तीची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) आवृत्ती एकेकाळी रॅलीवाल्यांची लाडकी होती. तिचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, आणि माझी गाडी आता दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात दिवस काढते. थंडीच्या शेवटी तिचा अॅव्हरेज घसरला, इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पेट्रोलचा वास येऊ लागला आणि फाटकावर थांबले की पंखा उशिरा सुरू होऊन तापमानाचा काटा वर सरकू लागला.

अशा वेळी मेकॅनिक "टेंपरेचर सेन्सर बदला" एवढेच सांगतो. पण या इंजिनात तसे दोन भाग आहेत. एका वायरचा सेंडर केवळ डॅशबोर्डावरचा काटा हलवतो, तर दोन वायरींचा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला पाण्याचे तापमान कळवतो, ज्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरते आणि माझ्या गाडीत पंखाही चालतो. दोन्ही इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला, थर्मोस्टॅटच्या (पाण्याचा प्रवाह सांभाळणाऱ्या झडपेच्या) आसपास असल्याने गल्लत सहज होते, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी वायरी मोजाव्यात.

दोन वायरींचा सेन्सर जसा तापतो तसा त्याचा विद्युत रोध कमी होतो: २० अंशांना सुमारे २,५०० ओम, ४० अंशांना १,१०० ते १,२००, आणि ८० अंशांना साधारण ३००. इंजिन पूर्ण तापलेले असताना सेन्सरच्या वायरींचा प्लग काढून रोध मोजायला मल्टिमीटर लावला, तेव्हा आकडा हजाराच्या वरच अडकलेला दिसला. म्हणजे उकळीच्या जवळ गेलेले पाणी संगणकाला कोमट वाटत होते आणि तो पेट्रोल वाढवीत होता. एका वायरच्या सेंडरची परीक्षा याहून सोपी आहे. चावी चालू ठेवून वायर सोडवली की काटा खाली पडतो, आणि ती क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की वर चढतो. तसे झाले तर वायर व काटा ठीक आहेत, दोष असलाच तर सेंडरमध्ये.

सेन्सर थंड इंजिनावरच काढावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडणे म्हणजे हात भाजून घेणे. निघालेल्या सेन्सरच्या टोकावर पांढरट, खडबडीत थर बसला होता आणि प्लगच्या पिनांवर हिरवा गंज होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले असणार, आणि आमच्याकडचे बोअरचे पाणी किती खारट हे ज्यांच्या घरी चहाच्या भांड्याला पांढरे कडे धरते त्यांना सांगायला नको. पिना घासूनही आकडा सुधारला नाही, तेव्हा अमरावतीहून मूळ कंपनीचा सेन्सर आणला. सोबत रेडिएटर धुऊन घेतला आणि डिस्टिल्ड वॉटर व कूलंट समप्रमाणात भरले. तेवढे न करता नुसता सेन्सर बदलणे मला पैशाचा अपव्यय वाटतो.

काट्याचा सेंडर मात्र स्थानिक दुकानातला स्वस्त घेतला, आणि त्याने निराशा केली: इंजिन पूर्ण तापल्यावरही काटा पाव भागाच्या वर जाईना. जुना परत बसवला, तो आजही बरोबर चालतो आहे. सेंडरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळत असल्याने त्यावर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नये, ही गोष्ट अनेक मिस्त्री विसरतात.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास असताना एसी लावून अकोल्याला जाणे-येणे झाले, तरी काटा मध्यावरून हलला नाही. अॅव्हरेज पूर्ववत झाला, वास गेला, पंखा वेळेवर येतो. पावसाळ्यात एकदा सकाळी इंजिन अडखळले, तेव्हा दोष सेन्सरात नसून त्याच्या प्लगच्या तुटलेल्या खटक्यात निघाला. तो प्लास्टिकचा खटका जुन्या गाड्यांत ठिसूळ होतोच, म्हणून सेन्सर घेताना प्लगही सोबतच मागावा.