गॅसवरचा तवा आणि एअर फ्राय पेटी: निम्मं यंत्र कामाचं, निम्मं विजेच्या भरवशावर

वर लोखंडी सपाट तवा, बाजूला गॅसवरच तापणारी, पण विजेच्या पंख्याने गरम हवा फिरवणारी एअर फ्राय पेटी आणि खाली चाकांची गाडी, असं हे अंगणातलं यंत्र. मूळ अमेरिकेतलं. आता आपल्याकडे धाबेवाले, शेतावर हुरडा पार्ट्या करणारे आणि लग्नाचं जेवण घेणारे आचारी त्याची चौकशी करतात. त्यातला तवा पैसे वसूल करून देतो. पेटीचं तसं नाही. ज्याच्याकडे वीज टिकते आणि ज्याला कोरडे पदार्थ करायचे असतात, त्यालाच ती उपयोगी पडते. पाच माणसांच्या घराला दोन्ही नकोत, चांगला बिडाचा तवा पुरेसा आहे.

आधी गॅसचं बघू, कारण घोळ होतो तो इथेच. अमेरिकन यंत्राचा बर्नर 11 इंच पाण्याच्या दाबावर, म्हणजे अंदाजे 27-28 मिलिबारवर चालतो. आपला घरगुती रेग्युलेटर 30 मिलिबारच्या आसपास दाब देतो. दाब जवळपास जुळतो, जोडणी जुळत नाही. तिकडच्या सिलिंडरला आट्याची जोडणी असते, आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरवर दाबून बसणारा रेग्युलेटर. म्हणून सोबत आलेला रेग्युलेटर काढायचा, यंत्राच्या नळीच्या तोंडाला योग्य मापाचा पितळी निपल बसवून घ्यायचा आणि आपली नारिंगी सुरक्षा नळी क्लिपने आवळायची. हे काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. भट्टीचा लाल हाय प्रेशर रेग्युलेटर चुकूनही लावू नका. त्यावर ज्योत बर्नर सोडून वर उडते आणि तव्याखालून बाहेर येते. जोडणी झाली की साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघायचं. काडी ओढून बघणारे अजूनही आहेत, त्यांना काय म्हणावं! गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करून 1906 ला फोन लावा. आणि धंद्यासाठी वापरणार असाल तर घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो.

खर्चाचा हिशेब यंत्राच्या पाटीवरून काढता येतो. बर्नर तासाला 15,000 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजण्याचं एकक) असेल तर तो 4.4 किलोवॉटचा झाला, आणि पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे सव्वातीनशे ग्रॅम गॅस खातो. तव्याचे दोन आणि पेटीचा एक असे तिन्ही मोठे ठेवले की तासाला जवळपास एक किलो. 14.2 किलोचा सिलिंडर चौदा-पंधरा तासांत उडतो. प्रत्यक्षात तवा तापला की बर्नर निम्म्यावर आणता येतात, त्यामुळे गॅस इतका जळत नाही. पण 5 किलोच्या छोट्या सिलिंडरवर सगळे बर्नर चालवायला जाऊ नका. आतल्या द्रवाचा गॅस व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातूनच मिळते. लहान सिलिंडरला तेवढा पत्राच नसतो. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, हे चांगलंच जाणवतं. सिलिंडरच्या बुडाला दव धरतं, मग पांढरं साचतं, आणि ज्योत बसते. आपल्या एलपीजीत ब्युटेन असतो आणि तो साधारण शून्य अंशालाच उकळतो, प्रोपेनसारखा उणे 42 ला नाही. उपाय एकच, एक बर्नर बंद करा आणि वाट बघा. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा तो आडवा करणं जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात, पारा 45 च्या वर गेला की, उलट काळजी घ्यायची: सिलिंडर सावलीत आणि तव्याच्या झळेपासून लांब.

आता तवा. विकत घेताना प्लेटची जाडी मोजा. पातळ प्लेट एकदा नीट तापली की मधोमध उचलते आणि तेल कडेला पळतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर जाड प्लेटही वाकते. नवी प्लेट साबणाने घासून कारखान्याचं तेल काढा, पूर्ण कोरडी करा आणि मोठ्या ज्योतीवर रंग बदलेपर्यंत तापवा. मग सुती फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, इतका की तवा कोरडाच वाटावा. धूर येऊन थांबला की दुसरा हात. चार-पाच हातांत काळा, घट्ट थर बसतो. जवसाचं तेल लवकर वाळतं म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण त्याचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. घरचं सोयाबीन तेल यासाठी जास्त बरं. तेल जाड लावलं तर थर चिकट राहतो, आणि नव्या तव्याच्या तक्रारी बहुतेक याच कारणाने येतात.

भाकरीसाठी तव्याचा एक भाग तेलापासून वेगळा ठेवा, नाहीतर ज्वारीच्या भाकरीला तेलकट वास येतो. 28 इंची तव्यावर मध्यम भाकरी चार निवांत बसतात. सहा कोंबल्या तर कडेच्या कच्च्या राहतात, कारण ज्योत मधे असते. मुख्य अडचण फुगवण्याची. घरी भाकर तव्यावरून काढून ज्योतीवर धरता येते, इथे सगळी ज्योत प्लेटखाली झाकलेली. म्हणून बर्नरच्या बरोबर वरची जागा शोधायची. पाण्याचे थेंब टाकले की ते जिथे गोळ्या होऊन पळतात, तीच. पाणी लावलेली बाजू सुकली की उलटा, दुसरी बाजू पूर्ण शेकून घ्या, पुन्हा उलटा आणि घडी केलेल्या फडक्याने कडेकडेने दाबा. पीठ ताजं असेल तर टम्म फुगते. धिरडी, थालीपीठ, अंड्याची पोळी आणि शंभर माणसांच्या नाश्त्याला मिरच्या परतणं, यात तव्याला तोड नाही. रस्सा, वरण, सावजी मटण भांड्यातच होणार, त्यासाठी हे यंत्र नाहीच.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. बर्नर आणि प्लेट यांच्यात मोकळी जागा असते, तिथून वारा शिरला की अर्धा तवा लाल आणि अर्धा थंड. वाऱ्याच्या बाजूला पत्रा लावा, पण चारही बाजू बंद करू नका, उष्णता खाली सिलिंडरकडे वळते. जमीनही बघावी लागते. सारवलेलं अंगण कधीच पाणसळीत नसतं. तेलाची पन्हाळ ज्या बाजूला, त्या बाजूला तवा किंचित उतरता असावा, बोटभरसुद्धा नको. उलट उतार झाला तर चरबी बर्नरवर सांडते आणि भडका उडतो. पाण्याने विझवायचा नाही. गॅस बंद, आणि जवळ ठेवलेली कोरडी वाळू.

पेटीकडे येऊ. तिच्या बर्नरने हवा तापते आणि पंखा ती हवा जाळीच्या खणातून फिरवतो. कुरकुरीतपणा पंख्यामुळे येतो, ज्योतीमुळे नाही. पंखा विजेवर, आणि शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेताकडच्या वीजवाहिनीवर, वीज पाळीने येते. पंख्याला वीज कमी लागते, लहान इन्व्हर्टरही पुरतो, पण तो जवळ हवा. पंखा थांबला तर पेटीचा बर्नर लगेच बंद करा. नाहीतर तळ करपतो, वरचं कच्चं राहतं आणि पंख्याची मोटर तापून खराब होते.

रोडगे, म्हणजे एरवी गोवरीवर भाजायचे गव्हाचे गोळे, पेटीत खरंच चांगले होतात. गव्हाचं रवाळ पीठ, ओवा, मीठ आणि तेलाचं मोहन घेऊन घट्ट भिजवा, घड्या घालून सत्तर-ऐंशी ग्रॅमचे गोळे करा, वरून पाण्याचा हात लावा. 170 अंशांवर वीस मिनिटं, मग 200 वर पाच-सहा मिनिटं. गोळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, एकावर एक रचले की मधले चिकट राहतात. गोवरीचा वास येणार नाही, तूप मात्र तितकंच पितात. सांबारवडीला (सांबार म्हणजे कोथिंबीर, तिचं सारण भरलेली वडी) तेलाचा हात लावून 180 वर पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटायची. आवरण खारीसारखं होतं आणि गरम असेपर्यंत छान लागतं. गार झाली की चामट, त्यामुळे पाहुण्यांसाठी सकाळी करून ठेवायची असेल तर कढईतच तळा.

आलुबोंडा आणि कांदाभजी पेटीत करूच नका. ओलं बेसन जाळीतून गळतं, बर्नरवर जळतं आणि धुराचा वास पुढच्या सगळ्या घाण्यांना लागतो. पापड, शेंगदाण्याची टरफलं, हुरड्याची कुसं अशा हलक्या गोष्टी उडून पंख्यात जातात. भरताची वांगी शिजतात, 200 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतात, पण धुराची चव नाही म्हणजे ते भरीतच नाही. ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावरच भाजा.

पेटवताना पेटीचं दार आणि तव्यावरचं झाकण उघडं हवं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. एकदा ठिणगी पडून पेटलं नाही तर गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. ठिणगीचं बटण पावसाळ्यानंतर बऱ्याचदा दगा देतं, लांब दांड्याचा लायटर जवळ असू द्या.

पावसाळ्यात यंत्र बंद पडून असलं की दोन गोष्टी होतात. तव्याला गंज धरतो, आणि बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो किंवा कुंभारमाशी मातीचं घर करते. मग ज्योत पिवळी येते, भक्क आवाज होतो, कधी नळीच्या मागच्या तोंडाशीच पेट घेते. दसऱ्याच्या सुमाराला यंत्र बाहेर काढाल तेव्हा आधी बर्नर सोडवून नळीतून बाटली धुण्याचा लांब ब्रश फिरवा. तव्याचा गंज तारेच्या घासणीने काढून पुन्हा तेलाचे दोन हात द्या. रोज काम संपलं की तवा कोमट असतानाच उलथन्याने खरवडा, पुसा आणि तेलाचा हात लावून झाका. झाकण ताडपत्रीचं असेल तर तवा पूर्ण गार झाल्यावरच टाका. आतला दमटपणा कोंडला तर झाकणाखालीच गंज येतो.

घ्यायचंच असेल तर आधी नुसता तवा असलेलं मॉडेल बघा. पेटी जोडली की किंमत बरीच चढते आणि पंख्याचे, थर्मोस्टॅटचे सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत. बर्नर, नळी, निपल, ठिणगीचं बटण हे शेगडी दुरुस्त करणारा कुणीही जुळवून देतो. पेटीचा पंखा बसला तर दुकानदार तो बदलून देणार का, किती दिवसांत देणार, हे बिलावर लिहून घ्या.