काळ्या साड्या, दोन सॉफ्टबॉक्स आणि आठ महिने

गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर एका बाईंचा व्हॉट्सॲप आला: "ताई, पहिल्या फोटोत साडी काळीकुट्ट आहे, दुसऱ्यात राखाडी. यातली नक्की कोणती पाठवणार?" साडी एकच होती, काळी चंद्रकळा. दोन्ही फोटो मीच काढलेले, एकाच खिडकीत, पाच मिनिटांच्या अंतराने. आणखी एकीने तर साडी वापरलेली आहे का, असंच विचारलं. काळ्या साडीचा माझा सगळा धंदा डिसेंबर-जानेवारीत होतो, आणि त्याच दिवसांत फोटो असा दगा देत होता.

म्हणून जूनमध्ये दोन सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे तोंडावर पांढरं कापड लावून बल्बचा उजेड मऊ करणाऱ्या पेट्यांचा, सेट घेतला. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. ५० बाय ७० सेंटिमीटरच्या दोन पेट्या, दोन स्टँड, दोन एलईडी बल्ब. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घाटाचे सेट दहा नावांनी विकले जातात. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस वापरतेय.

आधी तक्रारी. स्टँड इतके हलके आहेत की पंखा लावला की डुलतात. पायावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवते, तेव्हा कुठे जागेवर राहतात. पेटीच्या तोंडावरच्या पांढऱ्या कापडाचं वेल्क्रो चौथ्या महिन्यात सुटायला लागलं. एक बल्ब दिवाळीत गेला. तेव्हा कळलं की होल्डर आट्यांचा आहे, आपल्या घरातल्या दोन खिळ्यांच्या बल्बचा नाही. घरातला बल्ब काढून लावू म्हटलं तर बसेना. बाजारातून साधा आट्यांचा बल्ब आणला, तर काठाच्या लाल रंगाला विटकरी झाक आली. बल्ब घेताना वॅट बघू नका, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या पुढे आहे का ते बघा.

पहिला महिना मी दोन्ही लाइट समोरून लावले. उजेड भरपूर, फोटो भिकार. सुती इरकलची वीण दिसेना, सगळं सपाट. रेशमावर तर धूर पसरल्यासारखी पांढुरकी झाक, म्हणजे जी राखाडी घालवायला पैसे मोजले तीच परत. काळं कापड स्वतःहून उजेड जवळजवळ परत देतच नाही. आपल्याला दिसतात ते धाग्यांच्या चढावर पडलेले बारीक चकाकते ठिपके. उजेड समोरून आला की ते ठिपके आणि सावल्या एकमेकांत मिसळून जातात. मग एक लाइट बंदच केला. दुसरा साडीच्या डाव्या बाजूला, कापडाला जवळजवळ घासून जाईल इतका आडवा आणला, आणि पोताची रेघ न् रेघ उठून आली. सुतीसाठी पेटीवरचं पांढरं कापडही काढते. रेशमाला ते हवंच, नाहीतर जरीचा काठ फटफटीत पांढरा होतो. उजव्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करते, तो निऱ्यांच्या आत थोडा उजेड परत टाकतो. (मखरातला नाही, त्याच्यावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.)

पण त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर लाइटमध्ये नव्हतंच. ते निघालं दोन-अडीचशे रुपयांच्या राखाडी कार्डात. कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार असं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीपुढे पूर्ण साडी धरली की भिंतीमुळे तो फोटो अंधारा करतो आणि साडीचा काळा गोळा होतो. तीच साडी जवळून घेतली की चौकटभर काळंच, मग तो उजेड वाढवून तिची राखाडी करतो. आता साडीवर १८ टक्क्यांचं, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी तेवढाच परत देणारं, राखाडी कार्ड ठेवते, फोनच्या पडद्यावर त्याच्यावर बोट दाबून धरते, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक झालं की कार्ड काढते आणि लाइट न हलवता दूरचा नि जवळचा दोन्ही फोटो घेते. दोन्हींत काळा रंग सारखा येतो. या जानेवारीत "नक्की कोणती?" असं एकीनेही विचारलं नाही.

एक फायदा मात्र अनपेक्षित निघाला. नवऱ्याच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात काळी सिंथेटिक जॉर्जेट उन्हात वांगी रंगाची दिसायची. मी रंगाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. दोष इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा होता. ऊन त्याने भरलेलं असतं, काही कृत्रिम धाग्यांवरचा काळा रंग हा इन्फ्रारेड परत फेकतो, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचं, तो अडवणारं फिल्टर कच्चं असेल तर तो फोटोत उतरतो. २००६ साली आलेल्या लायका एम८ सारख्या महागड्या कॅमेऱ्यातही हीच भानगड होती, कंपनीला गिऱ्हाइकांना फिल्टर फुकट द्यावे लागले. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतोच, त्यामुळे सॉफ्टबॉक्सखाली तीच जॉर्जेट काळी दिसली.

या आडव्या उजेडाची किंमतही आहे. प्रत्येक सूत, केस, पावडरचा कण दिसतो. हाताला सेलोटेप उलटी गुंडाळून साडीभर थोपटत फिरणं हे आता फोटो काढण्यापेक्षा मोठं काम झालंय. सुती काळ्या साडीला सुलट्या बाजूने इस्त्री केली तर तिची चकाकीही पट्ट्यासारखी उमटते, म्हणून इस्त्री उलट्या बाजूनेच.

घ्यायचा का? काळ्या कपड्यांपुरताच विचार असेल तर एकच लाइट घ्या आणि उरलेल्या पैशांत कार्ड आणि बरा बल्ब. माझा दुसरा लाइट लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाशी गेलाय, तिथे तो जास्त उपयोगी पडतो.

मखमलीच्या काळ्या ब्लाउजपीसपुढे मात्र मी अजून हात टेकलेत. लाइट कुठूनही लावा, भोक पाडल्यासारखं दिसतं. त्याचा मी फोटो पाठवतच नाही. बोट एकदा उलटं, एकदा सुलटं फिरवून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढते. लव झोपते, उठते, तेवढ्यात ती मखमल आहे हे बघणारीला कळतं.