नवी म्हणून गळ्यात मारलेली जुनी बॅटरी

लॉन ट्रॅक्टरची (हिरवळ कापायच्या छोट्या ट्रॅक्टरची) बॅटरी घेताना मी फसलो, आणि हे लिहिताना लाज वाटते, कारण फसवणुकीची खूण माझ्या अंगठ्याखालीच होती. १२ व्होल्टची, ३०० कोल्ड क्रँकिंग अँप्सची (थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ताकदीचे माप) 'आजच आलेली' बॅटरी म्हणून मी नव्याची पूर्ण किंमत रोख मोजली आणि वर माझी जुनी बॅटरीही विक्रेत्याच्याच पदरात टाकली. उचलताना शिशाच्या चपट्या टर्मिनलच्या भोकाभोवती वॉशर दाबला गेल्याचे चकचकीत वर्तुळ बोटाला लागले होते. ज्या टर्मिनलला नट-बोल्ट कधी लागलाच नाही, त्यावर ते उमटेल कसे, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. या आकारात धन टोक डावीकडे की उजवीकडे हे चुकले तर केबल पोहोचत नाही, आणि माझे सारे लक्ष त्यातच होते. (व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर खिशात होता, हेही कबूल करतो.)

बाराव्या दिवशी स्टार्टर नुसता टकटकला. रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवल्यावर बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती. धडधाकट बॅटरी साधारण १२.६ दाखवते. स्टार्टर फिरवताच ती ७.८ वर कोसळली. दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने इंजिन चालू केले, तर चार्जिंग १४.२ व्होल्ट, म्हणजे ट्रॅक्टर निर्दोष. वॉरंटीचे तिरके स्टिकर सोलले, तेव्हा खालचा उत्पादनाच्या तारखेचा शिक्का घासून काढलेला दिसला.

विक्रेत्याने 'तुम्ही निगा राखली नसेल' म्हणून हात झटकले. हिवाळ्यात ऋण केबल आधी सोडवणारा आणि १२.४ च्या खाली जाताच चार्जर लावणारा माणूस मी. सल्फेशनने, म्हणजे आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर साचून, बॅटरी मरते हे मला ठाऊक आहे, पण बारा दिवसांत नव्हे. घेताना दुकानातच व्होल्टेज मोजा, लोड टेस्ट (भार देऊन व्होल्टेज किती पडते ते पाहणे) करायला लावा, आणि अनुक्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय जुनी बॅटरी सोडू नका.

पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवून ग्राहक तक्रार कार्यालयाकडे पाठवले. तिथे पहिल्या खिडकीवर उत्पादनाच्या तारखेचा पुरावा मागितला, म्हणजे जो घासून टाकला गेला नेमका तोच. दुसऱ्या खिडकीने 'बॅटरी, १ नग' एवढ्याच मजकुराच्या बिलाकडे बोट दाखवून हीच ती बॅटरी कशावरून, असे विचारले. तिसऱ्या खेपेला वस्तूच सादर करा म्हणाले. चौथ्या खेपेला मी ती कडेवर घेऊन गेलो, तर आत आम्ल आहे म्हणून पहारेकऱ्याने दारातच अडवले.