मोटरबोटीसाठी हवेची डिंगी : एका हंगामाच्या वापरानंतर

अकरा मीटर लांबीच्या आमच्या मोटरबोटीसाठी घेतलेली हवा भरण्याची डिंगी, म्हणजे बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी, दिवाळीपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुंबई बंदर, मांडवा, रेवदंडा आणि राजपुरीची खाडी एवढ्या टापूत सातत्याने वापरली. डिंगी २.७० मीटर लांबीची, हायपॅलॉन जातीच्या (रबर चढवलेल्या) कापडाची, हवेने ताठ होणाऱ्या तळाची आणि त्याखाली हवेचाच कणा असलेली आहे. या मापाच्या बहुतेक डिंग्यांची बांधणी एकसारखी असल्यामुळे मी कंपनीऐवजी प्रकाराविषयीच लिहीत आहे. माझे मत असे झाले आहे की आपल्या किनाऱ्यावर डिंगी घेताना आधी वजन पाहावे, मग कापड पाहावे आणि वेगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

वजनाला एवढे महत्त्व येते ते भरती-ओहोटीमुळे. मुंबईत अपोलो बंदरावर उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढते आणि सुमारे सहा तासांनी मीटरभराच्या खाली उतरते. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, हा फरक दीड मीटरच्या आसपास येतो. किहीम, आवास किंवा अलिबागच्या मंद उताराच्या पुळणीवर साडेतीन मीटरचा उभा फरक म्हणजे दीडशे-दोनशे मीटर उघडी पडणारी वाळू. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, ते याच कारणाने. भरतीला वाळूवर लावलेली डिंगी जेवून परत येईपर्यंत पाण्यापासून लांब राहिलेली असते आणि ती तेथून दोन माणसांनी ओढत न्यायची असते. आमची डिंगी सुमारे ३३ किलोची असून इंजिन चौदा किलोचे आहे. ओल्या घट्ट वाळूवर ट्रान्समला (इंजिन बसते त्या मागच्या फळीला) लावलेल्या चाकांवर एवढे वजन दोघांना सहज जमते. तेच चिखलात चाके रुततात, मग इंजिन वेगळे काढून खांद्यावर घ्यावे लागते. घेण्यापूर्वी आम्ही फायबरच्या कडक तळाची डिंगीही पाहिली होती. पाण्यावर ती निःसंशय चांगली चालते, पण इंजिनासह तिचे वजन ऐंशी-नव्वद किलोंच्या घरात जाते आणि ते वजन ओहोटीच्या वाळूतून ओढणे पन्नाशीच्या जोडप्याच्या आवाक्यातले नाही.

दुसरे बंधन मोटरबोटीच्या रुंदीचे आहे. आमच्या बोटीची रुंदी साडेतीन मीटर आहे आणि डिंगी पिछाडीच्या प्लॅटफॉर्मवर आडवी, एका कुशीवर उभी करून बांधली जाते. डिंगी तीन मीटरची असती तर तिची टोके दोन्ही बाजूंच्या काठांच्या अगदी जवळ आली असती आणि धक्क्याला लागताना प्रत्येक वेळी तिला दणका बसण्याची भीती राहिली असती. शिवाय पिछाडीला लागलेली डिंगी इंजिनाच्या धुराचे तोंड आणि इंजिनखोलीला हवा पुरवणाऱ्या झडपा झाकत नाही ना, हे मापपट्टी घेऊन आधीच पाहावे. दोरीने ओढत नेण्याचा पर्याय बरेच जण सुचवतात. पाच-सहा नॉट (तासाला तितके सागरी मैल) वेगाने खाडीतल्या खाडीत ते ठीक आहे, मात्र मोटरबोट तिच्या नेहमीच्या वेगाने जाऊ लागली की रिकामी डिंगी वाऱ्यावर उडते आणि उलटते. म्हणून प्रत्येक मुक्कामानंतर ती उचलायचीच, हे गृहीत धरूनच निवड करावी लागते.

तळाच्या बाबतीत मी समाधानी आहे. पट्ट्यांचा तळ हलका आणि स्वस्त असतो, पण पायाखाली लवतो. ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ मजबूत असला तरी दहा-पंधरा किलो वजन वाढवतो आणि त्याच्या सांध्यांत वाळू गेली की ती कापड घासत राहते. हवेच्या तळात वरचे आणि खालचे कापड हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेले असते. ०.८ बार (बार हे दाबाचे एकक) दाब भरला की तो फळीसारखा ताठ होतो आणि उभे राहून बोटीवर चढणाऱ्या माणसाला पायाखाली भरवसा वाटतो. वाळूचा त्रास येथेही आहेच. तळ आणि बाजूच्या हवेच्या ट्यूब यांच्या फटीत अडकलेली वाळू गोड्या पाण्याच्या पाइपने रोज धुऊन काढावी लागते.

दाबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विक्रेते याबद्दल फारसे बोलत नाहीत. बाजूच्या ट्यूबमध्ये साधारण ०.२५ बार दाब ठेवायचा असतो. सकाळी २५ अंश तापमानात तेवढा भरून डिंगी एप्रिलच्या उन्हात बोटीच्या प्लॅटफॉर्मवर ठेवली आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर दाब जवळजवळ ०.३५ बार होतो. म्हणजे चाळीस टक्के वाढ. तळाच्या ०.८ बारवर त्याच उन्हाने वाढ वीस टक्क्यांच्या आतच राहते. म्हणून उन्हात ठेवताना आम्ही ट्यूबची हवा थोडी सोडतो आणि पाण्यात उतरवल्यावर, ती गार होऊन सैल पडली की, पायपंपाने पुन्हा भरतो. मोजमापासाठी दाबमापक आवश्यक आहे. अंगठ्याने दाबून अंदाज घेणे हवेच्या तळाच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. मार्चमध्ये डावी ट्यूब रात्रीतून सैल पडू लागली तेव्हा साबणाचा फेस झडपेवर लावून पाहिला, तर झडपेच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. झडप उघडून रबरी चकतीखाली अडकलेला वाळूचा एक कण ओल्या फडक्याने टिपला आणि गळती थांबली.

कापडाच्या निवडीवर दुमत होऊ शकते. हायपॅलॉन हे ड्यूपाँट कंपनीचे व्यापारी नाव होते. कंपनीने २०१० मध्ये त्याचे उत्पादन थांबवले, तरी त्याच जातीचे रबर इतर उत्पादक बनवतात आणि बाजारात जुनेच नाव चालते. पीव्हीसी स्वस्त आहे, वजनाला थोडे कमी आहे आणि उत्तरेकडच्या थंड देशांत बरीच वर्षे टिकते. आपल्याकडच्या उन्हात मात्र त्यातला मऊपणा आणणारा अंश हळूहळू बाहेर येतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि चिकटवलेले सांधे सुटू लागतात. जो वर्षातून चार-पाच वेळाच समुद्रावर जातो आणि डिंगी सावलीत ठेवतो, त्याने पीव्हीसी अवश्य घ्यावे. जोड गरम करून वितळवलेले असतील तर अधिक उत्तम. बोट कायम मुरिंगवर, म्हणजे पाण्यात तरंगत्या बोयाला बांधून, ठेवणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजून हायपॅलॉनच घ्यावे आणि वर कापडी खोळ शिवून घ्यावी. आमची खोळ बोटींचे छत शिवणाऱ्या कारागिराने माप घेऊन शिवली आहे. कालवे बसलेल्या खडपावर डिंगी घासली तेव्हा खोळीला हातभर चीर गेली, पण खालच्या ट्यूबला ओरखडाही आला नाही.

इंजिन मी हवेने थंड होणारे, सव्वादोन अश्वशक्तीचे निवडले. पाण्याने थंड होणारी इंजिने शांत चालतात आणि जास्त ताकदीची मिळतात, मात्र आपल्या खाड्यांतले गढूळ पाणी आणि उथळ चिखल त्यांच्या पंपातून जातो. हवेने थंड होणाऱ्यात तो पंपच नसतो. आवाज अधिक आहे आणि तीन माणसांना घेऊन वेग चार नॉटच्या आसपास राहतो. राजपुरीच्या खाडीत मुक्कामाच्या जागेपासून धक्क्यापर्यंत जायला तो पुरेसा आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि उतरत्या ओहोटीवर लाटा उभ्या राहतात, तेव्हा मात्र नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला) बसलेला माणूस हमखास भिजतो. अशा वेळी मोठे इंजिन असले तरी वेग कमीच ठेवावा लागतो. क्षमतेच्या पाटीवर चार माणसे लिहिली आहेत, पण ती प्रत्येकी ७५ किलोची धरलेली असतात. सामानासह तीनच न्यावीत, असे मी निक्षून सांगेन. बंदी-दोरी (ओढली जाताच इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, कारण एवढ्या हलक्या होडीतून चालवणारा पडला तर होडी त्याच्याभोवतीच फिरत राहते.

धक्क्याला बांधताना विशेष काळजी लागते. ओहोटीला आखूड दोरीने बांधलेली डिंगी खांबांमधून धक्क्याखाली शिरते आणि पाणी चढू लागले की वरच्या तुळयांखाली दाबली जाते. लांब दोरी आणि मागून टाकलेला छोटा नांगर या दोन्हींनी तिला धक्क्यापासून दूर धरून ठेवावे. ती सतत पाण्यातही सोडू नये. येथील कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत तळाला बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) धरतात आणि ते खरवडताना कापडाचा वरचा थर जातो.

उणीव सांगायची तर वल्ह्यांची. दोन तुकडे जोडून होणारी ती वल्ही आखूड आहेत आणि त्यांच्या कड्या पहिल्याच महिन्यात ढिल्या झाल्या. इंजिन बंद पडल्यास वाऱ्याविरुद्ध त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. मी लाकडी वल्ह्यांची एक जोडी वेगळी बनवून घेतली.

पावसाळ्यात बोट बाहेर काढल्यावर डिंगी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, शंखजिऱ्याची पूड लावून सैलसर गुंडाळली आणि उंदरांपासून वाचवण्यासाठी छताला टांगली. ठिगळाचे काम मे महिन्यातच उरकले. दोन भागांचा गोंद कोरड्या हवेत धरतो, आणि जूननंतर कोकणातल्या दमट हवेत लावलेले ठिगळ नारळी पौर्णिमेपर्यंत कडेने उचलायला लागते.