बी.एड. करताना सहावी-आठवीची पोरं शिकवायची तर कुठं? क्लास, घरची शिकवणी की अभ्यासिका

यंदा बी.एड.ला ॲडमिशन घेतलेल्या तिघी-चौघींनी मला एकच गोष्ट विचारली, की ताई, इंटर्नशिपच्या, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या, आधी जरा हात बसावा म्हणून सहावी ते आठवीची पोरं शिकवायची आहेत, तर क्लासमध्ये लागू, घरी जाऊन शिकवणी घेऊ की अभ्यासिकेत फुकट शिकवू? मी गणित मेथडची, म्हणजे शिकवायला घेतलेला विषय गणित, कोल्हापुरातच बी.एड. केलं, आणि दोन वर्षांत तिन्ही करून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कॉलेज आपल्याला काय देतं ते बघा. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतला अनुभव एकूण २० आठवड्यांचा आहे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्याआधी सूक्ष्म अध्यापन असतं, पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी बसलेल्या, आणि त्या सगळ्या बरोबर उत्तरं देतात. तिथं प्रस्तावना, फलक लेखन, प्रश्न विचारायची पद्धत हे सगळं जमतं, पण पोरगं चुकतं कसं हे कुठंच दिसत नाही. माझ्या मते ही उणीव भरून काढायची म्हणूनच बाहेर शिकवायचं, बाकी फायदे नंतर.

क्लासचं म्हणाल तर राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, दोन-तीन बोर्ड दिसतीलच, आणि बी.एड.ची मुलं त्यांना हवीच असतात. मी आठवीच्या ४० पोरांच्या बॅचवर होते. आवाज कसा टाकायचा, फळ्यावर शेवटच्या बाकापर्यंत दिसेल एवढं अक्षर काढायचं, पाठ फिरवली की मागं काय चाललंय ते कानांनी ओळखायचं, हे मला तिथंच जमलं, आणि इंटर्नशिपला पहिल्या दिवशी पाय लटपटले नाहीत ते त्यामुळंच. पण तिथं पोर्शन ठरलेला असतो, आज हे प्रकरण संपवायचं म्हणजे संपवायचं, कुणाला कळलं नाही कळलं बघायला वेळच नसतो, नोट्स तयार हातात देतात आणि त्याच उतरवून द्यायच्या. दुसरं म्हणजे ऐन सराव पाठांच्या आठवड्यात मला सुट्टी मिळाली नाही, रात्री एक-एक वाजेपर्यंत टाचणं, म्हणजे पाठाची लेखी तयारी, लिहीत बसले, आणि सोडताना शेवटच्या महिन्याचे पैसे त्यांनी दिलेच नाहीत. म्हणून क्लासला लागणार असाल तर पगार किती, सुट्ट्या कोणत्या हे आधी लेखी घ्या, ओळखीचे असले तरी घ्या.

घरच्या शिकवणीत पैसे बरे सुटतात, वेळ आपल्या सोयीची असते, काकू चहा करून देतात, पण शिकवणं कमी आणि गृहपाठ करून घेणं जास्त होतं. आई शेजारीच बसलेली, पोराला प्रश्न विचारला की उत्तर तीच सांगते. चाचणी जवळ आली की फक्त उद्याचा पेपर. पैशाची गरज असेल तर एखादी जरूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला वर्गाचा अनुभव म्हणू नका. आणि एक लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, त्यामुळं उद्या शाळेत लागलात की हे बंद करावं लागणार.

आता अभ्यासिका. कसबा बावड्यात शाळा सुटल्यावर एका हॉलमध्ये संध्याकाळी दीड तास पोरं बसायची, माझ्याकडं सहावी-सातवीची पाच जणं होती, पैसे एक रुपया नाही, वर बसचं तिकीट आपलंच. एक दिवस मी विचारलं, २.३५ मोठं की २.४? सातवीतला एक पोरगा लगेच म्हणाला २.३५, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठं. क्लासमध्ये असते तर चूक म्हणून पुढच्याला विचारलं असतं. इथं वेळ होता. त्याच्या घरी म्हशी आहेत, रोज दूध घालायला तोच जातो हे मला माहीत होतं, म्हणून म्हटलं, सकाळी २.४ लिटर घातलंस आणि संध्याकाळी २.३५, तर जास्त कधी भरलं? तो म्हणाला, सकाळी की ताई, ते दोन लिटर चारशे, हे दोन लिटर साडेतीनशे. आणि मग गप्पच झाला, वहीकडं बघत राहिला, पेन्सिल घेऊन त्यानं स्वतःच ४ च्या पुढं शून्य लावलं. मी काहीच शिकवलं नव्हतं. त्याला डेअरीवर येत होतं तेच वहीत येत नव्हतं, आणि हे अंतर कुठं असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुढं इंटर्नशिपला दशांश अपूर्णांक घेताना मी आधी हाच प्रश्न टाकला आणि वर्गातल्या बऱ्याच हातांनी तीच चूक केली, फक्त आता मला ती आधीच ओळखीची होती.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर २ सहावी ते आठवीसाठीचा, त्यात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात, ते प्रश्न वाचतानासुद्धा डोळ्यासमोर ही पोरंच यायची. अभ्यासिकेत आठवीची मुलं असतील तर त्यांच्याकडून एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घ्या, सरकारी, पालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळेत असतील आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या घरांना ते पैसे लै मोठे असतात.

अभ्यासिकेत गर्दी सांभाळायला मिळत नाही हे खरंय, पाच पोरांत शिस्तीचा प्रश्नच येत नाही. पण गर्दी दुसऱ्या वर्षी १६ आठवडे मिळणारच आहे की. म्हणून मी तर म्हणेन पहिल्या वर्षी अभ्यासिका, आठवड्यातून तीन दिवस, पैशाची ओढ असेल तर सोबत एक घरची शिकवणी. क्लास फक्त त्यांनी धरावा ज्यांना चार माणसांसमोर उभं राहिलं की घाम फुटतो, आणि तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत एक-दोन महिने, सराव पाठ चालू असताना नको.

अभ्यासिकेत गेल्या गेल्या पुस्तक उघडू नका. पहिला आठवडा प्रत्येकाला एकेकट्याला बसवून एक परिच्छेद वाचायला द्या, हातच्याची वजाबाकी द्या, तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला द्या. सातवीतल्या पोराला भागाकार येत नसेल तर बाकीच्या पोरांना कळू न देता तिथून सुरू करा. आणि जायचं ठरवलं तर दिवाळीनंतर सुरू करून वार्षिक परीक्षेपर्यंत जा, मधेच सोडू नका, माझ्या आधी दोघीजणी मधेच गेल्या होत्या म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, ताई तुम्ही कधीपर्यंत येणार?